चॉकलेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: गोव्याच्या हवेत, गोव्याच्या घरात

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी मी कोकोच्या बिया भाजून, दळून चॉकलेट करते आणि सुट्टीत चार जणांना शिकवते. त्यामुळे फोनवर प्रश्न येत राहतात. मे महिन्यात "वितळलं", जुलैत "पांढरं पडलं", नाताळच्या आधी "फेणी घातली आणि बिघडलं". पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे क्रमाने दिले आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. चॉकलेट नेमकं कशापासून होतं? ते झाडाला लागतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतं. पपईएवढं, वर खाचा असलेलं, पिकलं की पिवळं किंवा तांबूस. आत वीस ते पन्नास बिया असतात आणि प्रत्येक बीभोवती सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर असतो. हा गर खाल्ला तर चॉकलेटची आठवणसुद्धा येत नाही. कच्ची बी चावली तर तुरट, कडू, जांभळी.

चव येते ती आंबवण्यातून. गरासकट बिया पेटीत किंवा केळीच्या पानांखाली पाच-सात दिवस ठेवतात. आधी यीस्ट गरातली साखर खातं, मग व्हिनेगर करणारे जिवाणू येतात, ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो, बीतला कोंब मरतो आणि आतली रसायनं बदलतात. मग ऊन, मग भट्टी, मग टरफल काढून दळण. काजूच्या बोंडांचा रस आंबताना ज्यांनी पाहिला आहे, माडाच्या सुरेने, म्हणजे ताडीने, फुगलेल्या सान्नां खाल्ल्या आहेत, त्यांना हे पटकन समजतं. आंबवणं चुकलं, तर पुढे कितीही महागडं यंत्र आणलं तरी चॉकलेट सुधारत नाही.

२. कोको मास, कोको बटर, कोको पावडर ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत का?

वस्तू एक, रूपं तीन. खोबरं डोळ्यांपुढे आणा. भाजलेली बी वाटली की होतं ते वाटण म्हणजे कोको मास. ते दाबून तेल काढलं, तर ते कोको बटर. उरलेली पेंड दळली की कोको पावडर. बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणून नुसती दळली तरी ती पातळ होते, पाणी घालावं लागत नाही.

तेल वेगळं काढायचं दाबयंत्र १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांनी पेटंट केलं. पावडरीवर क्षाराची प्रक्रिया करायची रीतही त्यांच्याच नावावर आहे. त्याने रंग गडद होतो, आंबटपणा जातो. केक करणाऱ्यांसाठी यात एक मेख आहे. नुसता खायचा सोडा वापरणार असाल तर साधी, आंबटसर पावडर घ्या. क्षार लावलेल्या पावडरीत सोड्याला लागणारं आम्ल उरलेलं नसतं, तिथे बेकिंग पावडर लागते.

३. आमची आजी लिंबाच्या गोळीलाही 'चॉकलेट' म्हणते. तिला सांगावं का?

सांगू नका. मराठीत कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट. वाढदिवसाला वर्गात वाटतात ते चॉकलेट, दुकानदार सुटे नाहीत म्हणून हातावर ठेवतो तेही चॉकलेटच.

गंमत म्हणजे या सुट्यांच्या चॉकलेटला फार जुना आधार आहे. मेक्सिकोत कोकोच्या बिया हेच चलन होतं. १५४५ च्या एका दरपत्रकात टर्कीच्या चांगल्या मादीची किंमत १०० बिया दिली आहे आणि मोठ्या टोमॅटोची एक बी. खोट्या बियाही चालत. टरफलात भलतंच काही भरून खपवणारे लोक होते, त्याची नोंद स्पॅनिश धर्मगुरूंनी करून ठेवली आहे.

४. चॉकलेट मूळचं स्वित्झर्लंडचं ना?

स्वित्झर्लंडने त्याला दूध आणि मऊपणा दिला. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. इक्वाडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिदा इथल्या उत्खननात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर कोकोचे अंश सापडले. पुढे माया आणि अ‍ॅझ्टेक लोक ते पीत. दळलेला कोको पाण्यात, वर मिरची, सुगंधी फुलं, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून आणलेला फेस. साखर नाही. ती त्या खंडात नव्हतीच.

कोलंबसाच्या माणसांना १५०२ मध्ये एका होडीत या बिया दिसल्या, पण त्यांना वाटलं एक प्रकारचे बदाम. स्पॅनिशांनी त्यात साखर आणि दालचिनी घातली आणि ते गरम प्यायला लागले. म्हणजे आज जगाला ओळखीची वाटणारी ती चव घडताना आपल्या बाजूचा मसालाही त्यात होता. १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने झाडाला थिओब्रोमा, म्हणजे 'देवांचं अन्न', असं नाव दिलं.

तीन शतकं चॉकलेट म्हणजे पेयच. खायची वडी १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने आणली. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हे इथे डॅनिएल पीटर यांनी दुधाचं चॉकलेट जमवलं. ताज्या दुधातल्या पाण्याने ते बिघडत होतं (का, ते प्रश्न १४ मध्ये), आटवलेल्या दुधाने सुटलं. १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवायचं यंत्र केलं. त्याआधीचं चॉकलेट दातांखाली करकरायचं.

५. पोर्तुगीजांनी काजू आणला, मिरची आणली, अननस आणला. मग कोको का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ब्राझील पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, कोको तिथे होता, आणि गोव्याची हवा त्याला चालण्यासारखी आहे. मला वाटतं, मोठं कारण बीमध्ये आहे. काजूची बी वाळवली, गोणीत भरली, सहा महिने जहाजात ठेवली तरी रुजते. कोकोची बी वाळली की मेली. फळाबाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत तिची रुजायची ताकद जाते. ज्यांना कोको लांब न्यायचा होता त्यांनी रोपं नेली. स्पॅनिशांनी १६७० च्या सुमारास मेक्सिकोहून फिलिपिन्सला नेला तो तसाच. भारतात इंग्रजांच्या काळात, १७९८ मध्ये, तमिळनाडूतल्या कुट्रालमला पहिली लागवड झाल्याची नोंद आहे.

पोर्तुगीजांनी कोको नेला तो आफ्रिकेच्या साओ तोमे आणि प्रिन्सिपी बेटांवर, १८२० च्या दशकात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साओ तोमे जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला होता. ते कशाच्या जोरावर, ते प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

गोव्यात चॉकलेट आलं ते डब्यातून. आमच्या आतेच्या घरी तारवटी काका बोटीवरून परतले की ट्रंकेतून चॉकलेटचा पत्र्याचा डबा निघायचा. चॉकलेटं दोन दिवसांत संपायची. डबा पुढची वीस वर्षं सुईदोऱ्याला.

६. एवढं आहे तरी काय त्यात? एक तुकडा घेतला की हात थांबत नाही.

पहिलं उत्तर वितळण्यात आहे. नीट केलेलं कोको बटर ३४ अंशांजवळ वितळतं आणि आपलं तोंड ३७ अंशांचं. म्हणजे हातात कडक, जिभेवर पाणी. वितळताना ते जिभेकडून उष्णता घेतं, म्हणून किंचित गारही लागतं. तूप, लोणी, खोबरेल यांतलं कुठलंच इतक्या नेमक्या जागी वितळत नाही.

दुसरं, वास. आंबवणं आणि भाजणं या दोन पायऱ्यांतून शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, सुकवलेली द्राक्षं, क्वचित व्हिनेगर, असं सगळं एकाच घासात येतं.

तिसरं, साखर आणि स्निग्धांश एकत्र. निसर्गात ही जोडी अशी सापडत नाही. आईचं दूध सोडलं तर. कोकोतलं थिओब्रोमिन (कॅफिनचंच भावंड) आणि थोडं कॅफिन यांनी हलकी तरतरीही येते. चॉकलेटमध्ये 'प्रेमाचं रसायन' असतं असं फिरत असतं, त्याचा बहुतेक भाग पोटातच मोडून जातो, त्यावर भिस्त नको.

आणि चौथं प्रयोगशाळेत मोजता येत नाही. आपल्याला चॉकलेट बहुतेक वेळा कुणीतरी दिलेलं असतं. मामा, बाई, बोटीवरचे काका. मी स्वतः करते तेव्हाही पहिला तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर ठेवते, नाहीतर चव पूर्ण झाली असं वाटत नाही.

७. डार्क, मिल्क, व्हाइट, रुबी यांत फरक काय? व्हाइट हे खरं चॉकलेट आहे का?

डार्क म्हणजे कोको मास, साखर, बहुधा थोडं कोको बटर. मिल्कमध्ये त्यात दुधाची पावडर. व्हाइटमध्ये मास नाही, नुसतं कोको बटर, दूध, साखर. ते चॉकलेट आहे की नाही यावर लोक भांडतात. माझं मत: कोको बटर असेल तर आहे. युरोपच्या नियमात व्हाइटमध्ये किमान २० टक्के कोको बटर लागतं. रंग हस्तिदंतासारखा पिवळसर असतो. दुधासारखं पांढरंशुभ्र असेल तर पाकीट उलटून वाचा, बहुतेक ते प्रश्न ९ मधलं निघेल.

रुबी २०१७ मध्ये शांघायला लोकांपुढे आलं. गुलाबी, आंबटसर. खाऊन पाहायला छान, शिजवताना रंग टिकवणं कठीण.

बियांच्या जातींबद्दलही विचारतात. क्रियोल्लो, फोरास्तेरो, त्रिनितारिओ ही जुनी विभागणी व्यापारात अजून चालते. २००८ च्या जनुकीय अभ्यासात दहा गट मांडले गेले. 'क्रियोल्लो' एवढंच छापलेलं पाहून दुप्पट पैसे मोजू नका.

८. ७०% म्हणजे काय? जितके टक्के जास्त तितकं चांगलं?

बीमधून आलेला सगळा माल मिळून ७० टक्के: मास अधिक कोको बटर. उरलेले ३० बहुतेक साखर. टक्के म्हणजे तीव्रतेचा अंदाज, दर्जाचा दाखला नव्हे. चांगल्या आंबवलेल्या बियांचं ६५ टक्के चॉकलेट गोड वाटतं, जाळलेल्या बियांचं ५५ टक्केही घशाला लागतं. पहिल्यांदा डार्क खाणाऱ्याने ५० ते ५५ पासून चढत जावं. तुकडा चावू नका. जिभेवर ठेवून वितळू द्या, मग कडूपणाच्या मागचं फळ लागतं.

९. कंपाउंड म्हणजे काय? ते वाईट असतं का?

कोको बटर काढून त्याजागी दुसरं वनस्पती तेल, बहुधा पाम किंवा पामच्या बीचं, घातलं आणि चवीला कोको पावडर टाकली की कंपाउंड. फायदा मोठा आहे. टेम्परिंग, म्हणजे ठरावीक अंशांवर वितळवून-उतरवून थिजवणं (प्रश्न १३), लागत नाही, गरमीत टिकतं, स्वस्त पडतं. 'होममेड' म्हणून सुटं विकलं जातं त्यातलं पुष्कळ असं असतं. ते विष नाही. पण त्याला चॉकलेटचा भाव द्यायचा नाही, आणि मुलांना तेच चॉकलेट म्हणून शिकवायचं नाही.

ओळखायचं कसं? घटकांच्या यादीत 'व्हेजिटेबल फॅट' किंवा 'हायड्रोजनेटेड' कोको बटरच्या आधी आहे का ते पाहा. खाऊन कळतं तेही सांगते: टाळूला मेणाचा थर राहिला, तर कंपाउंड.

१०. आमच्याकडे घरचं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) आहे. कोको बटरऐवजी ते घालता येईल?

पूर्ण बदलून नाही, थोडं मिसळून हो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती स्निग्धांना चॉकलेटमध्ये जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत आपलं कोकम आहे. पाम, साल, शिया, इलिपे आणि आंब्याची कोय ही इतर पाच. आपण टाचांच्या भेगांना लावतो ते भिरंडेल त्या यादीत बसलेलं पाहून मला फार आनंद झाला होता.

कारण त्याच्या घडणीत आहे. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि कोको बटरशी जुळतं, म्हणून थोडं घातलं तर चॉकलेट गरमीत जरा जास्त टिकतं. घरी उकळून काढलेल्या गोळ्याला धुराचा आणि कोकमाचा वास असतो. तो चॉकलेटवर बसतो. खाण्यासाठी शुद्ध केलेलंच घ्या, १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅम पुरे. जास्त घातलं तर तोंडात वितळत नाही.

११. चॉकलेटवर पांढरा थर आला. बुरशी आहे का? फेकून देऊ?

बहुतेक वेळा बुरशी नसते. दोन शक्यता. बोट घासून पाहा. थर विरघळून बोट तेलकट झालं, तर ते वितळून पुन्हा थिजलेलं कोको बटर. कोरडं, खरखरीत लागलं, तर वर आलेली साखर: चॉकलेटवर दव बसलं, साखर त्यात विरघळली, पाणी उडालं, साखर राहिली. मेमध्ये पहिला प्रकार, पावसाळ्यात दुसरा. दोन्ही खायला चालतात. तेलकट थराचं चॉकलेट पुन्हा टेम्पर करता येतं, साखर फुटलेलं शिऱ्यात, दुधात, केकमध्ये घाला.

अपवाद: आत काजू, खजूर, मनुका किंवा क्रीम असेल, केसाळ हिरवट ठिपके असतील, वास कुबट असेल, तर फेकाच.

१२. मग ठेवायचं कुठे? फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणतात, बाहेर ठेवलं तर वितळतं.

पुस्तकं सांगतात १६ ते १८ अंश, कोरडी जागा. गोव्यात अशी जागा घरात नसते. म्हणून फ्रिजच, पण नीट. चॉकलेट कागदात, कागद झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा खालच्या भाजीच्या कप्प्यात. सुंगटांचं कालवण आणि कापलेला कांदा यांपासून लांब, कारण कोको बटर वास ओढून घेतं.

खरी चूक बाहेर काढताना होते. डबा काढल्याबरोबर उघडला की दमट हवा गार चॉकलेटवर पाणी होऊन बसते. डबा बंदच ठेवून तासभर ओट्यावर राहू द्या, मग उघडा.

पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांसाठी: गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ नको. रात्रीच्या प्रवासात, कपड्यांच्या मधोमध, स्टीलच्या डब्यात.

१३. टेम्परिंग केल्याशिवाय चमक का येत नाही?

कोको बटर थिजताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक करू शकतं. पाचवा प्रकार तेवढा चमकदार, टक्‌ आवाज करत तुटणारा, साच्यातून सुटणारा. आपण आपोआप थिजू दिलं की भलतेच प्रकार होतात, मऊ आणि मळकट.

सोपी रीत: डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे करा. दोन तृतीयांश ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. उरलेलं त्यात घालून ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, मग ३१-३२ ला आणा. मिल्कला शेवटचा आकडा २९-३०. सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाच मिनिटांत चमकत घट्ट झालं, तर जमलं. थर्मामीटर घ्याच, अंदाजाने एक अंशही कळत नाही. खोली २० ते २२ अंश हवी. आमच्याकडे ए.सी. नव्हता तेव्हा मी डिसेंबरात पहाटे पाचला उठून करायची, आणि मेमध्ये करायचीच नाही.

१४. नाताळसाठी वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर फेणी घातली आणि दगड झाला. खराब फेणी होती का?

फेणीचा दोष नाही. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे तेलात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडंसं पाणी पडलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. वाफेचा एक थेंब, ओला चमचा, एवढंही पुरतं.

उपाय ऐकून नवल वाटेल: आणखी पातळ पदार्थ घाला. चॉकलेटच्या वजनाच्या पाव भागाहून जास्त पाणी झालं की कण सुटे होतात. वडी पाडता येणार नाही, पण छान सॉस होतो. मुद्दाम करायचं तर २०० ग्रॅम डार्क, १०० मिलि गरम क्रीम किंवा नारळाचा दाट रस, नीट एकजीव झाल्यावर २० मिलि फेणी. गार झालं की गोळे वळा. नारळाचा रस घातलेले गोळे दोन-तीन दिवसांत संपवा, तेही फ्रिजमध्ये ठेवून.

१५. एकादशीला चॉकलेट चालतं का?

घरची रीत काय ते घरात ठरतं. माहिती मी देते. साध्या डार्कमध्ये कोको आणि साखर. कोको धान्य नाही, कडधान्य नाही. पण बहुतेक चॉकलेटांत लेसिथिन (पाकिटावर क्रमांक ३२२) असतं, ते सोयाचं. उपवासाला डाळी वर्ज्य मानणाऱ्यांना इथे अडतं. ४७६ क्रमांकाचा पदार्थ साधारणतः एरंडेलापासून होतो. बिस्किट किंवा माल्ट घातलेलं असेल तर ते गहू-जवाचंच. बोटीवरून आलेल्या डब्यांत दारू भरलेली चॉकलेटंही असतात, हिरवा ठिपका नसेल तर घटक वाचा.

हा वाद आपल्यापुरता नाही. कॅथलिक उपवासात चॉकलेट प्यावं की नाही यावर युरोपात शंभर वर्षं खल झाला. सतराव्या शतकात कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी लिहून ठेवलं की पेयाने उपवास मोडत नाही. पेय म्हणून सूट होती. वडी तेव्हा निघालीच नव्हती.

१६. चवथीला चॉकलेटचे मोदक करायचे आहेत. साच्यातून निघत नाहीत.

टेम्परिंग झालेलं नाही. प्रश्न १३. चवथीच्या दिवसांत हवा दमट असते, साचा पुसून अगदी कोरडा हवा, फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटंच. नैवेद्याला चालतील का हे भटजींना विचारा. आमच्या सासूबाई नैवेद्याला नेवऱ्या आणि उकडीचेच ठेवतात. चॉकलेटचे मुलांना, आरतीनंतर.

१७. मधुमेह आहे. डार्क चालेल का?

७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्येही जवळजवळ तिसरा हिस्सा साखरेचा असतो, म्हणून डॉक्टरांना विचारून, मोजून, तुकडाभर. 'शुगर फ्री'वर विसंबू नका. त्यात बहुधा माल्टिटॉल असतं. त्याने साखर कमी चढते, पण चढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

१८. आमच्या कुत्र्याने चॉकलेट खाल्लं. काय करू?

हे वाचत बसू नका, पशुवैद्याला फोन करा. कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार, किती खाल्लं आणि कधी, हे सांगा. थिओब्रोमिन आपण सहज पचवतो, कुत्र्याच्या शरीरातून ते फार हळू जातं. दहा किलोच्या कुत्र्याला साध्या डार्कच्या ३०-४० ग्रॅमनेही त्रास सुरू होऊ शकतो. कोको पावडर त्याहून धोक्याची, मिल्क कमी, व्हाइट जवळजवळ नाही. लक्षणं काही तासांनी दिसतात: ओकारी, धाप, थरथर. तोवर थांबू नका.

१९. चॉकलेट एवढं महाग का झालं? आणि मुलांकडून काम करून घेतात ते खरं का?

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पावसाने घोळ केला, झाडांना खोड सुजवणारा विषाणू लागला, जुन्या बागा थकल्या. कित्येक वर्षं टनाला २,००० ते ३,००० डॉलर असलेला भाव २०२४ च्या डिसेंबरात १२,००० डॉलरच्या पुढे गेला. नंतर उतरला, पण दुकानातले भाव तेवढ्या वेगाने उतरत नाहीत. वडी लहान झाली का तेही पाकिटावरच्या ग्रॅममध्ये पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या शेतांत मुलं काम करतात. ते थांबवण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्ये करारावर सह्या केल्या, काम अजून संपलेलं नाही. इतिहास त्याहून कडू आहे. साओ तोमेवर अंगोलातून माणसं धरून आणून, परत जाऊ न देता, राबवली जात. ते उघड झाल्यावर १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या इंग्रज कंपन्यांनी तिथला कोको घेणं बंद केलं. ज्या सरकारचा झेंडा त्या बेटांवर होता, त्याच सरकारचा तेव्हा पणजीवरही होता. म्हणून गोव्यात बसून चॉकलेट करताना मला ही गोष्ट परक्या देशाची वाटत नाही. बिया कुठल्या शेतातल्या, हे मी विचारते. तुम्हीही विचारा.

२०. कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) कोको लावू का?

झाडाला हवी ती सावली, ओल, आडोसा हे सगळं कुळागरात आहे. विषुववृत्तापासून वीस अंशांपर्यंत कोको होतो, आपण पंधरावर. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत तो माडा-पोफळींमध्येच लावतात. मंगळूरची कॅम्पको ही सुपारी-कोको उत्पादकांची सहकारी संस्था १९७३ ची, पुत्तूरचा तिचा चॉकलेट कारखाना १९८६ चा. तिथल्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात भाव कोसळताना पाहिला आणि कित्येकांनी झाडं तोडलीही, हेही लक्षात असू द्या.

कलमं विश्वासाच्या रोपवाटिकेतून घ्या. तिसऱ्या वर्षापासून फळ धरतं, फूल ते पिकलेलं फळ पाच-सहा महिने. चांगल्या निगेत झाडामागे वर्षाला एक-दोन किलो सुकी बी. फुलांचं परागीभवन चिलटाएवढ्या माश्या करतात, त्या कुजक्या पाल्यात वाढतात, म्हणून खालचा पालापाचोळा झाडून काढू नका.

त्रास तिघांचा. खारी आणि उंदीर फळ पोखरतात, माकडं तोडून टाकतात, आणि पावसाळ्यात फळं काळी पडतात. हा काळा रोग सुपारीच्या कोळेरोगाच्याच कुळातला. पावसाआधी बोर्डो मिश्रण फवारता तेव्हा कोकोवरही फवारा, आणि काळं फळ दिसलं की त्याच दिवशी काढून लांब टाका. लागवडीआधी जुन्या गोव्याजवळ एलाला असलेल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा विभागीय कृषी कार्यालयात विचारून या. आणि बी कोण घेणार ते आधी ठरवा, मग खड्डे खणा.

२१. आमच्याकडे चारच झाडं आहेत. त्यांचं घरी चॉकलेट होईल का?

होईल, पण आंबवणं अडतं. ओल्या बियांचा ढीग लहान असला की तापत नाही, आणि न तापलेली बी तुरटच राहते. मोठ्या पेटीत पन्नास किलोंहून जास्त ओली बी लागते. घरी मी असं करते: पंचवीस-तीस फळं एकदम काढते, तेवढ्यात किलोभर सुकी बी सुटते. केळीचं पान अंथरलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात बिया, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या. दोन दिवस झाकून, मग रोज एकदा हलवून, सहाव्या दिवशी एक बी उभी चिरून पाहायची. जांभळा रंग जाऊन तपकिरी झाली आणि आत भेगा दिसल्या की उन्हात. पावसात हे करू नका, वाळण्याआधी बुरशी येते.

भाजायला ओव्हन किंवा जाड बुडाची कढई, दळायला दगडी वेट ग्राइंडर. इडलीचं पीठ वाटतो तोच प्रकार. अमेरिकेतल्या छोट्या कारागिरांनीही सुरुवातीला दक्षिण भारतातले हेच ग्राइंडर नेऊन चॉकलेट दळलं. पाण्याचा थेंब नको आणि निदान दिवसभर फिरू द्यायचं.

एवढी फळं एकदम मिळत नसतील, तर गर चोखून खा, बिया चार दिवसांत नवीन पिशव्यांत रुजवा.